कॅलिपर घरी सोडवा, पण डिझेल मारून नको

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी काढली की एक चाक तापतं, गाडी ओढत चालते. कॅलिपर जाम झालेला असतो. लगेच कोणीतरी त्यात डिझेल नाहीतर इंजिन ऑइल मारतं. माझ्या मते हे चूकच. त्यानं आतलं रबरी सील फुगतं अन् पिस्टन परत अडकतो. आधी पिना बघा, बऱ्याचदा त्याच गंजलेल्या असतात. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. पिस्टनला खड्डे असतील तर घासत बसू नका, नवा टाका. सील, ब्रेक ऑइलही नवंच. हवा पूर्ण काढा. अन् त्या चाकाची नळी ठोकून बंद करायची आणि तसाच मांजरसुंब्याचा घाट उतरायचा, हा जुगाड तर नकोच. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते, अन् मागं लेकरं बसलेली असतात.