ओले लाकूड आणि घाईचे गिऱ्हाईक

आमचा धंदा कापडाचा. लाकडाशी आमचा संबंध दुकानातील फळ्यांपुरता आणि गजापुरता. तरीही या पानावर आज आम्ही सुतारकामावर लिहीत आहोत, याला कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला हक्क नाही.

आमचे एक पुतणे आखातात सात वर्षे इंटिरिअरचे काम करून 2021 मध्ये मालेगावला परत आले. हात चांगला, नजर त्याहून चांगली. तिकडे प्लायवूड आणि सनमायका चिकटवून त्यांचा जीव विटला होता. घराच्या मागच्या बाजूला, जिथे त्यांच्या वालिदांचे दोन साचे चालत असत, ती जागा रिकामी होती. तिथे त्यांनी ठिय्या मांडला, रंधे, पटाश्या, गुण्या, करवती लावल्या आणि अस्सल सागवानी फर्निचर करण्याचे ठरवले. घरात सर्वांनी विरोध केला. पाठिंबा दिला तो आम्ही, आणि पहिले मोठे काम दिले तेही आम्हीच. दुकानासाठी सागवानी मेज, वर एकसंध दिसणारा दोन फूट रुंदीचा फळा, खाली चार खण.

हे ऑगस्ट 2022 मधले. आम्हाला मेज हवे होते दिवाळीच्या सीझनआधी. पुतणे म्हणाले, "बडे अब्बा, लाकूड अजून ओलं आहे. उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर बरं." आम्ही म्हणालो, "बेटा, धंदा थांबत नाही. गिऱ्हाईक वेळेवर माल मागतं, तुम्ही वेळेवर द्या." त्यांनी अदबीने मान खाली घातली आणि सप्टेंबरअखेर मेज दिले. दिवाळीला येणारा प्रत्येक जण त्यावर हात फिरवून विचारायचा, कुठे केले?

एप्रिल 2023 मध्ये मालेगावचे ऊन तापले आणि एका दुपारी फळा मधोमध तडकला. पटकन आवाज झाला, आम्ही दचकलो. खणही सैल पडून खडखडू लागले. त्या रागात आम्ही दुकानात बसलेल्या चार माणसांसमोर म्हणालो की पोराला हुनर नाही. बाजारात शब्द कापडापेक्षा लवकर खपतो. पुतण्यांकडे बोलणी चाललेली कपाटांची दोन कामे पंधरा दिवसांत रेडिमेडच्या शोरूमला गेली.

पुतण्यांनी उलट उत्तर दिले नाही. मेज उघडून आम्हाला दाखवले. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आक्रसते ते रुंदीत. पावसाळ्यातल्या लाकडाचा दोन फूट रुंदीचा फळा कडक उन्हाळ्यात पाव इंचाहूनही जास्त आत येऊ शकतो. आम्हाला फळा जराही हललेला नको होता, म्हणून तो खालच्या चौकटीला स्क्रूने चारी बाजूंनी घट्ट आवळायला आम्हीच लावले होते. फळ्याला आक्रसायला जागाच ठेवली नाही, म्हणून तो तडकला. पुतण्यांना ही गोष्ट ठाऊक होती. फळा चौकटीवर लाकडी गुटक्यांनी धरायचा आणि गुटके चौकटीतल्या खाचेत सरकते ठेवायचे, म्हणजे तो ऋतूप्रमाणे मागेपुढे होतो, हे त्यांनी आम्हाला तेव्हाच सांगितले होते. आम्ही ऐकले नव्हते.

म्हणजे गुन्हा गिऱ्हाइकाचा आणि सजा कारागिराला. आम्ही त्या दोन्ही घरी जाऊन खरी हकिकत सांगितली. एक काम परत आले, दुसरे आले नाही. त्या दिवसापासून आम्ही या धंद्याचा हिशोब समजून घेऊ लागलो, आणि जे दिसले ते आमच्या कारागीर बंधूंपुढे व त्याहून अधिक आमच्या व्यापारी बंधूंपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट हिशोबाची. त्या मेजाचे पुतण्यांनी 32 हजार सांगितले होते, आम्ही घासाघीस करून 30 हजारांवर आणले आणि मनात खूश झालो. नंतर कागदावर मांडले. लाकूड 18 हजार, बिजागऱ्या, स्क्रू, कुलपे व पॉलिशचे सामान 3 हजार. उरले 9 हजार. काम झाले 24 दिवस. म्हणजे दिवसाला 375 रुपये! बांधकामावर विटा उचलणाऱ्यालाही यापेक्षा जास्त मिळतात. आणि या 375 मध्ये विजेचे बिल, हत्यारांची झीज, जागेचे भाडे काहीच धरलेले नाही, कारण "जागा घरचीच आहे." पॉलिश पेपर घासण्याचे आणि चपडा लाखेचे हात मारण्याचे काम पाच दिवस घरातल्या बायकांनी केले, त्याची मजुरीही शून्य, कारण "माणसे घरचीच आहेत."

हाच हिशोब नीट मांडला तर असा होतो. लाकूड व सामान 21 हजार. कारागिराचे 24 दिवस, दिवसाला 900 प्रमाणे 21,600. घरच्या बायकांचे पाच दिवस, 400 प्रमाणे 2 हजार. वीज, झीज आणि जागा मिळून 2,400. एकूण 47 हजार. त्यावर नफा 7 हजार धरला तर किंमत 54 हजार होते. आम्ही दिले 30 हजार. उरलेले 24 हजार कोणी भरले? त्या घराने भरले.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना ही गोष्ट नवी वाटू नये. घरात साचे आपले, वीज आपली, रात्रीचे जागरण आपले. पण सूत शेठचे, कापड शेठचे, भाव शेठचा. साच्याचा मालक म्हणवणारा माणूस प्रत्यक्षात मजूर होऊन बसतो. घरच्या सुताराचेही तेच चालले आहे. लाकूड गिऱ्हाइकाने आणून टाकायचे, चित्र गिऱ्हाइकाने मोबाइलमध्ये दाखवायचे आणि मजुरी चौरस फुटावर ठरवायची. चौरस फुटाचा भाव प्लायवूडच्या कपाटाला ठीक आहे. जिथे खणाचे कोपरे डव्हटेलने, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दातांनी एकमेकांत गुंतवायचे, जिथे प्रत्येक पाय आडव्या पट्टीच्या कुसूला भोक पाडून बसवायचा, तिथे फूटपट्टी काय मोजणार?

म्हणून आमचे म्हणणे एकच आहे. घरात बारीक, टिकाऊ लाकूडकाम करू पाहणाऱ्या कारागिराने मजुरी सोडून मालाचा मालक व्हावे, आणि त्याचे पहिले भांडवल म्हणजे मशीन नव्हे, वाळलेले लाकूड.

जुने उस्ताद सांगत की एक इंच जाडीला एक वर्ष. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पातळ फळ्या याहून लवकर वाळतात, पण महिन्याभरात नक्कीच नाही. पद्धत सोपी आहे. चिरून आणलेल्या फळ्या उन्हात नव्हे, सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवाव्यात. दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत लावाव्यात, म्हणजे हवा खेळते आणि फळी वाकत नाही. टोकांना रंग फासावा, कारण टोकाकडून पाणी झपाट्याने जाते आणि तिथेच चिरा पडतात. प्रत्येक फळीवर खडूने आणल्याची तारीख लिहावी. एक लहान तुकडा दर आठवड्याला तोलावा. वजन उतरायचे थांबले की ते लाकूड आपल्या हवेशी जुळले असे समजावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्रही काही हजारांत मिळते, चार कारागिरांनी मिळून एक घेतले तरी पुरते.

सागाची पांढरी किनार फर्निचरमध्ये घेऊ नये. वाळवी आणि कीड आधी तिथेच लागते, आतला पिवळा-तपकिरी गाभा ती सहसा सोडते. स्वस्त म्हणून बिनबिलाचे लाकूड तर कधीच घेऊ नये. बिल आणि जंगल खात्याचा वाहतूक पास नसला तर माल जप्त होतो आणि इज्जत जाते ती वेगळी. सहारनपूरच्या शिसवीच्या नक्षीकामाचे नाव सगळ्या जगात आहे, पण जानेवारी 2017 पासून शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि लाकूड कायदेशीर मार्गाने आल्याचा कागद दाखवल्याशिवाय निर्यात अडू लागली. कागद हाही हुनराचाच भाग झाला आहे.

कोणी विचारील, सहा-आठ महिने लाकूड ठेवून कारागीर खाणार काय? प्रश्न रास्त आहे. याला तीन उत्तरे आहेत. एक, वाळवणीच्या काळात जुन्या फर्निचरची दुरुस्ती करावी. आजोबांच्या वेळच्या खुर्च्या आणि पेट्या घराघरात मोडून पडल्या आहेत आणि त्यांचे लाकूड कधीचेच वाळलेले आहे. दोन, वाळलेल्या उरलेल्या तुकड्यांतून लहान वस्तू कराव्यात. रेहल घ्या. एकाच फळीतून, खिळा किंवा बिजागरी न लावता, मधल्या दातांवर उघडझाप होणारी रेहल ज्याला साफ करता येते, त्याच्या हाताची जाहिरात ती स्वतः करते. चौरंग, दागिन्यांची पेटी, लहान मुलांचे स्टूल यांनाही सर्व समाजात गिऱ्हाईक आहे. तीन, मोठे काम घेताना रक्कम तीन हप्त्यांत ठरवावी. लाकडाची किंमत आगाऊ, सांगाडा उभा राहिल्यावर दुसरा हप्ता, बाकी माल पोचल्यावर. आणि तारीख देताना लाकडाला विचारून द्यावी, गिऱ्हाइकाला विचारून नव्हे.

सरकारी मदतीकडेही पाठ फिरवू नये. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 धंदे आहेत आणि सुतारकाम त्यात आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोजचा भत्ता, हत्यारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय आधी 1 लाख व नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. कर्जावर कारागिराला 5 टक्के व्याज पडते. ज्यांना व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही त्यांनी कर्ज सोडावे, पण प्रशिक्षण आणि हत्यारे का सोडावीत? एका कुटुंबातून एकालाच नाव नोंदवता येते, तेव्हा जो खरोखर ठिय्यावर बसतो त्याचे नाव घालावे.

घरात कारखाना म्हणजे घरातच भुसा, हेही विसरू नये. लाकडाचा बारीक भुसा माणसाला कॅन्सर करू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1995 मध्येच जाहीर केले आहे. घासकामाची जागा स्वयंपाकघरापासून आणि पाळण्यापासून वेगळी ठेवावी, मधे दार असावे, नाकाला चांगला मास्क असावा, भुसा झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने किंवा ओढून घेणाऱ्या मशीनने काढावा. साच्यांच्या खोलीत कापसाची धूळ खाऊन आपल्या वडीलधाऱ्यांच्या छातीचे काय झाले, ते आपण पाहिले आहे. तोच हिशोब पुन्हा नको.

आता दोन शब्द आमच्या व्यापारी बंधूंसाठी. आपण सुरतेच्या पार्टीला ठरल्या तारखेला पैसे पाठवतो, कारण तिथे पत जाते. कारागिराचे पैसे मात्र "ईदनंतर या" म्हणून लांबवतो, कारण तो आपलाच आहे. आपण त्याच्याकडून उधारीही घेतो आणि घाईही करतो. चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून एकदा बल्लारशाकडचा चांगला साग घेतला, गल्लीतल्या एखाद्या रिकाम्या गोदामात वाळत ठेवला आणि कारागिराला लागेल तसा, काम विकले गेल्यावर किंमत फेडण्याच्या बोलीवर दिला, तर आपले पैसे बुडत नाहीत. साग ठेवल्याने खराब होत नाही, उलट कामाला जास्त लायक होतो. कापडाचा स्टॉक दोन सीझन पडून राहिला तर काय होते, ते आम्हाला कोणी सांगायला नको.

मेज पुतण्यांनी दुरुस्त करून दिले. तडकलेल्या जागी त्याच सागाची बारीक पट्टी बसवली, फळा गुटक्यांवर मोकळा केला. त्यानंतरचे उन्हाळे त्याने सोसले आहेत. आम्ही त्यांना राहिलेले 24 हजार दिले. ते घेत नव्हते, म्हणत होते, "बडे अब्बा, घरचंच काम होतं." आम्ही म्हणालो, घरचे म्हणूनच तर इतके दिवस बुडत होते. फळ्याच्या खालच्या बाजूला त्यांनी पटाशीने आपले नाव आणि साल कोरले आहे. बसल्या जागेवरून ते दिसत नाही, पण कोणी विचारले की आम्ही खण काढून दाखवतो.

पट्टीची रेघ मात्र वरून स्पष्ट दिसते. ती पॉलिशने झाकू नका, असे आम्हीच सांगितले. दुकानात बसून कोणाच्या हुनराबद्दल तोंड उघडण्याआधी आमची नजर तिच्यावर जावी, एवढ्यासाठी.