इतिहासाचा पेपर अवघड, म्हणजे नेमका कसा?



मूल नववीत गेलं की पालकांचा प्रश्न ठरलेला: "सर, स्टेट बोर्डाचा इतिहास अवघड की सीबीएसईचा?" हल्ली त्यात परदेशातल्या नातवंडांची भर पडली आहे. "नातीला तिकडं अमेरिकेत एपी हिस्टरी आहे, फार अवघड असतं म्हणे!"

तुलना जरूर करा, पण निकालाच्या टक्केवारीवरून नको. एपी म्हणजे हायस्कूलच्या मुलांनी स्वतः निवडून दिलेली कॉलेजच्या पातळीची परीक्षा. तिथं १ ते ५ अशी श्रेणी मिळते. अमेरिकेच्या इतिहासात ३ किंवा त्यावर श्रेणी मिळवणारी मुलं २०२३ साली निम्म्याहून थोडी कमी होती. २०२४ साली तेच प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढं गेलं. पेपरचा आराखडा तोच! वर्षभरात पोरं एवढी हुशार झाली का? नाही. गुणांवरून श्रेणी ठरवायची पद्धत बदलली.

आता आपलं दहावीचं पुस्तक उघडा. पहिल्याच पाठात व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको. खरं सांगू? इतिहास लिहितात कसा, हे पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवणारं हे पुस्तक धाडसी आहे. पण पेपरात काय येतं? आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, चारातून एक निवडा. चुकीची जोडी ओळखा. संकल्पनाचित्र पूर्ण करा. ४० गुणांच्या पेपरात इतिहासाला २८, त्यातले ४ उताऱ्यावर, आणि तो उताराही बहुधा पुस्तकातलाच. म्हणजे पुस्तक अवघड, पेपर सोपा. सीबीएसईत इतिहासाला ८० पैकी २०. तिथं युरोपातला राष्ट्रवाद आहे, मुद्रणसंस्कृती आहे, पण पुस्तक पक्कं केलं की काम भागतं.

एपीत एक प्रश्न असा असतो की तिथं पाठांतर पुरत नाही. सात कागदपत्रं पुढ्यात ठेवतात. पत्र, भाषण, व्यंगचित्र, काहीही. वाचनासकट एक तास. कोणी लिहिलं, कोणासाठी, कशासाठी, हे ओळखून मुलानं स्वतःचं म्हणणं मांडायचं आणि बाहेरचा एखादा पुरावाही द्यायचा. एकूण गुणांचा चौथा हिस्सा या एका प्रश्नाला आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं लाखो मुलं बसतात, पहिल्या पिढीतली शिकणारी असतात, असले पेपर तपासणार कोण? मुद्दा रास्त आहे. दहावी सक्तीची, एपी ऐच्छिक, हा फरक विसरून चालणार नाही. पण अमेरिकेच्या इतिहासाच्या त्या पेपरलाही चार लाखांवर मुलं बसतात आणि ते निबंध शिक्षकच तपासतात. ७ गुणांची ठरलेली कसोटी हाताशी असते, इतकंच.

आणि मी काही निबंध मागत नाही. ते उताऱ्याचे ४ गुण फक्त न पाहिलेल्या साधनाला द्या. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढं दिलेलं निवेदन घ्या, त्यातल्या दहा ओळी सोप्या मराठीत द्या आणि विचारा: हे कोणाला उद्देशून आहे? लिहिणाऱ्याला काय बदलून हवं आहे? कशावरून म्हणता?

बोर्ड करेल तेव्हा करेल. पुढच्या घटक चाचणीत तुम्ही एक प्रश्न असा घालून बघा, आणि एरवी पैकीच्या पैकी घेणारी मुलं काय लिहितात ते आम्हाला जरूर कळवा.