स्वस्त विमानाने गोविंदपुरम्‌ला

कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम्‌चे विठ्ठल-रुक्मिणी मंदिर एकदा पाहावे, असे पुष्कळ मराठी कुटुंबांना वाटते. स्वस्त विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी मात्र नकाशा उघडावा. जवळचा मोठा विमानतळ तिरुचिरापल्लीचा. तिथून कुंभकोणम सुमारे १०० किलोमीटर. चेन्नईहून हेच अंतर ३०० च्या आसपास. चेन्नईचे तिकीट स्वस्त मिळाले, तरी वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. आजी-आजोबांचे हाल होतात ते वेगळेच.

खरा धोका दोन सुट्या तिकिटांचा. मुंबई-चेन्नई एका कंपनीचे, पुढचे दुसरीचे. पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरे थांबत नाही आणि पैसेही बुडतात. चार पैसे जास्त पडले, तरी दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत.

सामान घरीच तोलावे. देशांतर्गत प्रवासात बहुतेक स्वस्त विमानांत माणशी १५ किलोची बॅग आणि ७ किलोची हातपिशवी चालते. वरच्या प्रत्येक किलोला पैसे मोजावे लागतात. पूजेच्या पिशवीतला कापूर आणि काडेपेटी घरीच ठेवावी. ती दोन्हीकडे चालत नाहीत. सुके खोबरे मोठ्या बॅगेत नको.

काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. मग विनवण्या करून उपयोग नसतो. विमान चुकलेच, तर भाडे गेले असे समजावे. तिकिटातले कर आणि विमानतळ शुल्क मात्र नियमाने परत मिळते, ते आठवणीने मागून घ्यावे.