मातीत पुरलेलं रेशीम

परवा फॅशन डिझाइन शिकणारी शेजारची मुलगी मांजरपाटाचा झगा घेऊन हिरमुसून आली. परीक्षकांनी विचारलं होतं, ‘हे घालणार कोण?’ तिला फॅशन डिझायनर हुसेन चलायनची गोष्ट सांगितली. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये १९९३ साली पदवीच्या प्रकल्पासाठी त्यानं रेशमी कपडे लोखंडाच्या किसासह परसातल्या मातीत पुरले आणि गंजल्यावर उकरून काढले. आपल्याकडे आजीनं लगेच लिंबू-मीठ चोळायला घेतलं असतं! ब्राउन्स या नामांकित दुकानानं मात्र तो संग्रह उचलला. पुढे २००० साली चलायननंच लाकडी टेबलाचा घागरा करून दाखवला. खपणारे कपडे शिवायला पुढे नोकरी आहेच. विद्यापीठातली वर्षं कापड बिघडवण्यासाठीच असतात. परीक्षकांनो, गुण देण्याआधी मुलांच्या स्केचबुकातली खोडलेली पानंही चाळा.