सूज कोणती आणि संकट कोणते?

ओठ भरदार दिसावेत, गालांचे खळगे भरून यावेत, म्हणून चेहऱ्यात फिलरचे इंजेक्शन घेण्याची हौस आता मुंबईच्या सिनेतारकांपुरती राहिलेली नाही. तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू झाली, की आपल्या देहूरोडच्या मुलीही लोकलने चिंचवड-पुणे गाठून हे करून येतात. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतात, गालावर काळेनिळे डाग पडतात आणि मग ओढणीने तोंड झाकून माझ्याकडे विचारणा होते, "डॉक्टर, हे उतरेल ना? घरी सांगितलेलं नाही."

हौसेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो या लपवाछपवीला, कारण खरा धोका तिच्यातूनच वाढतो.

आधी धीराची गोष्ट सांगतो. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक ॲसिड या पदार्थाचे असतात. तो पाणी धरून ठेवतो आणि सुई टोचल्यानेही थोडी इजा होते, म्हणून सूज येते. ती पहिले एक-दोन दिवस जास्त असते, ओठांवर तर फारच, आणि साधारण आठवड्यात ओसरते. बारीक रक्तवाहिनी दुखावली, की मुका मार लागल्यासारखा डाग पडतो. तो निळा, हिरवट, पिवळट होत आठ-दहा दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत जातो. कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ हलकेच लावावा, उशी उंच घ्यावी. चेहऱ्याची मालीश नको आणि हळदीच्या दिवशी चेहरा चोळणेही नको. तेव्हा हे करायचेच असेल तर कार्यापूर्वी निदान महिनाभर आधी करावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी डाग वाढतात, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत. मात्र हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंद करू नये.

आता सावध करणारी गोष्ट. कधी कधी फिलर रक्तवाहिनीत शिरतो किंवा तिच्यावर दाब आणतो आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. कातडी पांढरी पडते, मग तिच्यावर जांभळट जाळी उमटते, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लवकर परतत नाही. बहुधा ठणकाही असह्य असतो, पण फिलरमध्येच भूल मिसळलेली असल्यास तो सुरुवातीला जाणवत नाही. नाक आणि दोन भुवयांमधली जागा यासाठी विशेष जोखमीची. अशा वेळी बर्फ लावत बसू नये. हायल्युरॉनिडेज नावाच्या इंजेक्शनाने हा फिलर विरघळवता येतो, पण ते तासांच्या हिशेबाने मिळायला हवे. उशीर झाला तर कातडी सडून कायमचा व्रण राहतो. डोळ्यापुढे अंधारी आली किंवा दिसेनासे झाले, तर एक मिनिटही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. दोन-तीन दिवसांनी लाली, गरमपणा आणि ताप वाढू लागला तर जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा.

"सूज तर येतेच, घाबरू नका," असे इंजेक्शन देणारे सांगतात. ते खोटे नाही. पण तेवढ्यावर विसंबून घरात दार लावून बसलेली मुलगी मोलाचे तास घालवते, आणि घरच्यांना काही माहीत नसल्याने कोणी तिला उचलून नेतही नाही.

जुलै २०२५ मध्ये उर्फी जावेद हिने आपल्या ओठांतील फिलर विरघळवून घेतानाची चित्रफीत स्वतःच लोकांपुढे ठेवली. फिलर नीट जागेवर बसले नव्हते, असे तिने सांगितले. विरघळवताना तिचा चेहरा बराच सुजला आणि तिची थट्टाही झाली. मला मात्र तिचे कौतुक वाटले. सुजलेला चेहरा तिने लपवला नाही आणि जाणकार डॉक्टरांकडेच जा, असे बजावले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की पार्लरमध्ये हे इंजेक्शन घेऊच नये. सुईशिवाय दाबाने फिलर आत सोडणारी पेनेही घातक आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्येच त्यांविरुद्ध इशारा दिला आहे. इंजेक्शन देणारा प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टर आहे का, फिलर विरघळवणारे औषध तिथे ठेवलेले आहे का आणि रात्री-अपरात्री कोणत्या फोनवर बोलायचे, हे आधी विचारा. सिरिंजच्या वेष्टनावरचे नाव व बॅच क्रमांक लिहून घ्या. उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर तिथून उठून या.

आणि घरच्यांनाही एक सांगणे आहे. मुलीने असे काही केले तर रागवायचे ते नंतर रागवा. आधी तिला उजेडात बसवून तिचा चेहरा नीट पाहा. घरी बोलणी बसतील या भीतीने गप्प राहणे तिला फार महागात पडू शकते.