रात्रीची घरघर आणि उडालेली झोप

२०२४च्या पावसाळ्यात बीड, जालना, पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी आल्या. चोरीच्या धास्तीने तरुणांनी जागते पहारे सुरू केले. या भीतीला अफवा म्हणून हसणे योग्य नाही. तिच्यामागे शरीरशास्त्रही आहे.

अंधारात आवाज कुठून येतो ते दिसत नाही, तो जवळ येतोय की दूर जातोय हेही कळत नाही, तेव्हा मेंदू त्याला धोका समजतो. अ‍ॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, झोप मोडते. ‘नासा’च्या २०१७ मधील प्राथमिक प्रयोगात, तेवढ्याच मोठ्या आवाजाच्या मोटारींपेक्षा ड्रोनची घरघर ऐकणाऱ्यांना जास्त त्रासदायक वाटली. कीर्तनातल्या वीणेचा सूरही एकसारखाच चालतो. पण तो कोण आणि कशासाठी छेडतो हे ठाऊक असल्याने मन शांत होते.

एकदा कान टवकारले, की डीपीची गुणगुण किंवा विहिरीवरची मोटारही ड्रोनसारखी भासते. रोजच्या जागरणाने रक्तदाब आणि साखर बिघडू शकते. शिवाय संशयावरून एखाद्या निरपराध वाटसरूला मारहाण होण्याचा धोका असतोच.

सर्वेक्षणासाठी ड्रोन उडणार असेल, तर ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी दवंडी द्यावी. पहाऱ्याच्या पाळ्या लावाव्यात; रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना त्यातून वगळावे. संशयिताला हात न लावता ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. आवाज कशाचा हे कळले, की भीती बरीच ओसरते.