दर फेरीचा, दर तासाचा

ताडोबाच्या जंगलात मोहर्लीच्या गेटवर पहाटे जिप्स्यांची रांग लागते, तेव्हा गाईडच्या पैशांवरून कुणी घासाघीस करत नाही. ते फेरीमागे ठरलेले असतात. तेलिया तलावावर पहिल्या दहा मिनिटांत वाघीण पिलांसह दिसली तरी तेवढेच, आणि धूळ खाऊन नुसती चितळं पाहून परतलात तरी तेवढेच. पर्यटक हिरमुसतो, पण त्याने पैसे फेरीचे दिलेले असतात, वाघाचे नव्हे.

याच जंगलात पक्ष्यांच्या नोंदी, कॅमेरा ट्रॅपचे विश्लेषण, सामूहिक वनहक्काचे आराखडे अशी कामे नोकरी सोडून स्वतंत्रपणे घेणाऱ्या आपल्या तरुण वाचकांना मात्र कुणी दर विचारला की घाम फुटतो. तासाला किती सांगायचे?

बहुतेक जण जुना पगार घेऊन भागाकार करतात. समजा, पगार 40,000 होता. वर्षाचे झाले 4,80,000. कामाचे 240 दिवस धरले तर दिवसाला 2,000, तासाला 250. हिशेब चोख दिसतो, पण साफ चुकलेला आहे. 240 दिवस विकले जातच नाहीत. पावसाळ्यात नाले भरले की ट्रान्सेक्टवर चालणे थांबते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. पहाटे साडेपाच ते दहा आणि मग चारनंतर, एवढेच काम होते. मोजले तर सहा तास, पण दिवस अख्खा गेलेला असतो. प्रस्ताव लिहिणे, परवानगीसाठी हेलपाटे, बिलाची आठवण करून देणारे फोन, यांचे पैसे कोण देतो? पहिल्या वर्षी 120 दिवस विकले गेले तरी नशीब समजा. त्यात पेट्रोल, लॅपटॉप, विमा आणि पूर्वी मालक भरत असलेला भविष्यनिर्वाह निधी यांचे वर्षाला 1,44,000 धरा. आता 6,24,000 भागिले 120, म्हणजे दिवसाला 5,200 आणि तासाला 650. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. फरक अडीच पटीहून जास्त निघतो, तो कुठून आला तेवढे पाहा.

आमचे मत असे की तासाचा दर आपल्या वहीत असावा. समोरच्याला टेबलावरच्या कामापुरताच तो सांगावा. जंगलातल्या कामाला दिवसाचाच दर लावा. 10 टक्के टीडीएस कापला जाईल, तोही आधीच ध्यानात धरा. विवरणपत्र भरेपर्यंत ते पैसे हाती नसतात. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या कायद्याने अशा नोंदणीदाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. कायद्याचे नाव बिलावर छापलेले असले की फोन थोडे कमी करावे लागतात.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला लोक पदरचे पैसे भरतात, मग तुम्हाला जंगलात हिंडायचे पैसे कशाला, असे ऐकवणारा एक तरी भेटतोच. हसून चहा पाजावा आणि दर तोच ठेवावा.

दर पाडला की काय होते, ते आपण पाहिले आहे. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या 31 जानेवारी 2020 पर्यंत पूर्ण करा, नाहीतर राज्यांना महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील, असे राष्ट्रीय हरित लवादाने बजावले आणि देशभर घाई उडाली. नोंदवहीमागे ठोक रक्कम ठरली की गावात किती रात्री मुक्काम करायचा, हे त्या रकमेवरच ठरते. शेजारच्या गावाची यादी उचलून चिकटवणारा माणूस नेहमी आळशीच असतो असे नाही. कधी कधी त्याने कमी दराला मान डोलावलेली असते.

नुसता दर ठरवून भागत नाही, कागदही आपल्या हाती लागतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्येच सामूहिक वनहक्क मिळाला होता. बांबू गावाचा झाला, पण वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच राहिला आणि त्याच्याविना बांबू गावाबाहेर नेता येईना. परवान्याचे पुस्तक 27 एप्रिल 2011 रोजी ग्रामसभेच्या हाती आले, त्यानंतर कुठे विक्री त्यांच्या मनाजोगती होऊ लागली. आपल्या धंद्यात ते पुस्तक म्हणजे कामाचे पत्र: किती दिवस, कोणते काम, पैसे कोणत्या टप्प्यावर, आणि अहवालाचा निष्कर्ष विकाऊ नाही. ते पत्र समोरच्याने लिहिले तर दरही त्याचाच.

आता जरा अवघड गोष्ट. तुमच्या अंदाजपत्रकात पुढे चालणाऱ्या, विष्ठेवरून आणि ओरखड्यावरून जनावर सांगणाऱ्या गावकऱ्याची ओळ कुठे आहे? बहुधा ‘मजूर’ या मथळ्याखाली. आम्हीही अशी अंदाजपत्रके केली आहेत. स्वतःसाठी 5,200 मागताना त्याच्यासाठी रोजगार हमीचा दर लिहिताना हात अडखळला नाही, हे कबूल करतो. त्याचा दर ठरवू नका, त्याला विचारा. तेंदूचा हंगाम असेल तर तो येणारही नाही. पहाटे घरातले सगळे पाने तोडायला जातात, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. शेकड्याचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. तिथला दिवस त्याला जास्त देत असेल, तर सर्वेक्षणाची तारीख पुढे ढकला.